आधी टेलला

सरांना "काय सर, बरंय का?" असं विचारलं की माणूस अडकलाच म्हणून समजा. चारचौघं "बरंय" म्हणतात आणि पुढं जातात. सर थांबायचे. लुना स्टँडला लावायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "कशाच्या मानानं?" विचारणारा बिचारा मंडईला निघालेला, हातात पिशवी, डोक्यावर ऊन. त्यानं प्रश्न विचारलाच नव्हता, नुसता तोंडानं आवाज केला होता, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय सर त्याला सोडायचे नाहीत. त्यांना लांबून बघून गल्ली बदलणारी माणसं बारामतीत मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आमच्या अब्बांनी तर त्यांच्यापुरतं बोलणंच बदललं होतं. "या प्रोफेसरसाहेब, बसा." बस, एवढंच. त्यात सरांना पकडायला जागाच नव्हती.

आमचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची, पाटावरची, कुठलीही मोटर जळली की लोक गाडीत टाकून आमच्याकडं आणतात. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. मोटर जळते ती नेमकी पिकाला पाणी द्यायच्या दिवशी. त्यामुळं आणणारा घाईत असतो. भरायला वेळ लागतो, त्यामुळं तो बसूनही असतो. दुकानापुढं पत्र्याच्या शेडखाली एक लांबलचक बाकडं आहे, त्यावर अशी घाईतली रिकामी माणसं कायम.

सर पहिल्यांदा आले ते घरच्या बोअरची मोटर घेऊन. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. ते रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, विषयच बंद पडला. शेवटच्या बॅचला मी होते. बाकड्यावरची ती रांग बघून सरांचे डोळे असे काही चमकले की मी अब्बांना म्हटलं, "गेलं आता आपलं दुकान."

त्यांनी शेजारच्या माणसालाच धरलं. "समजा तुमच्या मोटरची तार बदलली. पुढच्या वर्षी बेअरिंग बदललं. मग शाफ्ट. मग बॉडी फुटली म्हणून बॉडीही बदलली. आता सांगा, मोटर तीच का दुसरी?"

शेजारी होते कन्हेरीचे तात्या. तात्यांची भाजी बारामतीच्या बाजारात पहिल्या नंबरची आणि मोटर जाळण्यातही तात्याच पहिल्या नंबरचे, कारण व्होल्टेज असो नसो, हे बटण दाबणारच. तात्या म्हणाले, "चालली तर तीच. पुन्यांदा जळली तर ह्या दुकानवाल्यांची." सगळं शेड हसलं. सर नाही हसले. म्हणाले, "म्हणजे मोटर तीच आहे का नाही हे मोटरवर नाही, आपल्या सोयीवर ठरतं. असंच ना?"

"आता तसं कुठं म्हनलो मी?"

"मग कसं म्हणालात?"

दुपार त्यात गेली. मोटर भरून, वाळून, गाडीत चढली तरी तात्या उठेनात. घरून फोनावर फोन, "अवो, कांद्याला पाणी द्यायचंय," आणि तात्या इकडं सरांना सांगतायत, "थांबा, मी सांगतो तुमाला, तीच कशी ते."

मग दर रविवारी दुपारी ही बैठक ठरूनच गेली. ज्यांची मोटर जळली नव्हती ती माणसंही यायला लागली. अब्बा कपाळाला हात लावून म्हणायचे, "ह्यातलं गिऱ्हाईक कुठलं आणि फिलॉसॉफर कुठला, मला तर काय कळंना झालंय."

सरांचे नियम दोनच. पहिला त्यांनी कालव्यावरून उचललेला. कालव्याला पाणी सुटलं की ते आधी टेलला, म्हणजे पार शेवटच्या रानाला द्यायचं आणि मग उलटं वर वर येत हेडला पोचवायचं, असा कायदा आहे. कायदा आहे म्हणतेय मी, पाळतात असं नाही म्हटलं. कारण उघड आहे. आधी हेडवाल्याला दिलं तर तो पाण्याची दारं उघडी टाकून ढाराढूर झोपतो आणि टेलवाला कोरड्या पाटाकडं बघत बसतो. सर म्हणायचे, बोलण्याचंही तेच. मोठ्या आवाजाची माणसं सगळी हेडला. म्हणून बाकड्याचं काउंटरकडचं टोक हेड, तिथं सर. पाण्याच्या पिंपाकडचं टोक टेल, आणि सुरुवात तिथून. टेलचा माणूस बोलल्याशिवाय हेडनं तोंड उघडायचं नाही. "मला काय कळतंय" म्हणून पाळी ढकलायला परवानगी नाही. त्यामुळं गप्प बसावं म्हणून जी माणसं मुद्दाम लांब पिंपाकडं जाऊन बसायची, तीच आधी सापडायची. नंतर नंतर सगळे मध्यावर दाटीवाटीनं बसायला लागले.

दुसरा नियम त्याहून छळवादी. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "बरोबर" म्हणाला तरच पुढं बोलायचं. "अर्धं" म्हणाला तर पुन्हा. या नियमानं निम्मी भांडणं सुरू व्हायच्या आधीच मरायची, आणि तात्यांची फार पंचाईत व्हायची.

हा नियम मी अंगावर झेललेला आहे. बी.ए. झाल्यावर मी अब्बांना म्हटलं, मी दुकानात बसणार. गल्ल्यावर नाही, तार गुंडाळायला. अब्बा म्हणाले, नको. मी भांडले, रुसले, दोन वेळा जेवले नाही. सरांकडं तक्रार नेली, "हे जुन्या वळणाचे आहेत सर, तुम्ही सांगा ना त्यांना." सरांनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. महिना संपला की ते खताच्या दुकानातली, बँकेतली, दवाखान्यातली पानं मागून आणायचे आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लोकांना लिहायला लावायचे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं आणि मी लिहायचं. सर म्हणाले, "अब्बा 'नको' का म्हणतात ते लिही. तुझं नको, त्यांचं."

पहिल्या दोन ओळी अशा उतरल्या की अब्बांनी वाचल्या असत्या तर घराबाहेर काढलं असतं. सरांनी खोडल्या. "हे ऐकून अब्बा 'बरोबर' म्हणतील?" नाही म्हणणार. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. मग कुठं मला अब्बांचा अंगठा आठवला. तार ओढून ओढून कापलेला, वाकडा झालेला. वार्निशच्या वासानं रोज संध्याकाळी दुखणारं त्यांचं डोकं आठवलं. ते नको म्हणत होते ते मी मुलगी म्हणून का माझ्या अंगठ्यासाठी, हा विचार तोवर माझ्या टाळक्यात शिरलाच नव्हता. पान वाचून दाखवलं. अब्बांनी पक्कड पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "एवढं चांगलं तर मला पन बोलता आलं नसतं. बरोबर हाय." आणि मग माझी पाळी आली बोलायची. आज दुकान मी चालवते आणि माझाही अंगठा वाकडा आहे.

पान वाचून झालं की सर मार्क द्यायचे नाहीत. खाली फक्त लिहायचे, "पुढं?" माझ्या कपाटात अजून अशी पानं आहेत. एका बाजूला गणेश चतुर्थी आणि रमजान ईद, दुसऱ्या बाजूला "माणूस खोटं का बोलतो" आणि खाली "पुढं?"

लोक म्हणायचे, सर सरकलेत. सरकलेले नव्हते, पण सरळही नव्हते. "येथे वाहने लावू नयेत" अशा पाटीखाली बरोब्बर लुना लावायचे. कुणी ओरडला तर विचारायचे, "का?" कारण सांगितलं की लगेच काढायचे, वर आभार मानायचे. भाजीवाले शेतकरी प्रेमानं काही ना काही त्यांच्या पिशवीत टाकायचे. वांगी घेतील, दोडका घेतील, कारलंसुद्धा घेतील, दुधी भोपळा मात्र परत. "ज्या भाजीला स्वतःचं मत नाही, ती मी खात नाही," असं म्हणायचे. तात्या एकदा हट्टाला पेटून अख्खी पाटी भरून दुधी घेऊन आले. सरांनी सगळे बाकड्यावर वाटून टाकले.

सरांच्या बाईसाहेब फार पूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. घरात पुस्तकं, लोणच्याची बरणी आणि रेडिओ. पण तीन महिन्यांतला एक महिना सरांचं रूपच पालटायचं. शर्टाला इस्त्री, दाढी रोजच्या रोज. बैठक रंगात आली की मध्येच घड्याळ बघणार, "चला, आई वाट बघत असेल." तंबाखूच्या विरुद्ध तासभर भाषण ठोकणारा हा माणूस पानपट्टीवर उभा राहून आईसाठी मिसरी मागायचा आणि आम्ही बघितलं की चोरासारखा हसायचा.

तिघे भाऊ. सर थोरले. मधला मूळ गावी, कोऱ्हाळे बुद्रुकला, ऊसवाला. धाकटा कळंबला, भाजीपाल्याचं रान. आई महिन्याच्या पाळीनं तिघांकडं. सरांनीच बसवलेली पाळी. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला जातो त्याची भरपाईसुद्धा ठरलेली. त्यांना त्या पाळीचा केवढा अभिमान! "न्याय बघायचा असेल तर आमच्या घरी या," म्हणायचे. अब्बा एकदा हळूच मला म्हणाले, "साहेब म्हैनाभर जगत्यात बघ. बाकीचे दोन म्हैने नुसती वाट बघत्यात."

तर तो रविवार महिनाअखेरचा. सरांची पाळी संपलेली. धाकट्याची मोटर आमच्याकडं भरून तयार होती, ती न्यायला तो पिकअप घेऊन येणार होता आणि तशीच आईलाही कळंबला घेऊन जाणार होता. म्हणून सर आईला घेऊनच आले. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. लहानखुऱ्या, खणखणीत आवाजाच्या, काखेत गाठोडं. पिंपाजवळ गारवा असतो म्हणून आक्का सरळ तिथं जाऊन टेकल्या आणि मिसरीची डबी उघडली.

त्या दिवशीचा प्रश्न होता, न्याय म्हणजे काय. सरांना कुठला धीर! आई समोर, प्रश्न आवडीचा. त्यांनी स्वतःच सुरुवात केली, "उदाहरणार्थ आमच्या घरातली आईची पाळी घ्या..."

"सर, थांबा," तात्या म्हणाले. "आधी टेलला."

"अर्थात, अर्थात. चुकलंच. कोण आहे आज टेलला?"

सगळ्या माना पिंपाकडं वळल्या. आक्का एक बोट दातांवर धरून आमच्याकडं बघत होत्या. शेडमध्ये खसखस पिकली.

"आईला कशाला उगाच," सर म्हणाले.

"का?" तात्या म्हणाले. "कारण द्या."

वर्षानुवर्षं ज्या शब्दानं सरांनी बारामतीला पिडलं, तोच शब्द तात्यांनी असा मजेत त्यांच्या अंगावर टाकला. सरांना हसू आलं. "बोल बाई आई. न्याय म्हणजे काय?"

"मला काय कळतंय?"

"असं म्हनायचं न्हाय हितं!" सगळं बाकडं एकदम ओरडलं.

आक्कांनी चूळ भरली. पदरानं तोंड पुसलं. "बोलू? मग मदी बोलायचं न्हाय कुणी."

"नाही बोलत."

"तुमी तिघं बी गुणाची हायसा. कुणी मला उपाशी न्हाय ठिवलं, कुणी वाकडं न्हाय बोललं. पर थोरल्या, पाळीनं पाणी फिरवत्यात. रान न्हाय फिरवत. तुमी माझं रानच फिरवाय लागलायसा." गाठोड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "कळंबात परड्यात दुधीचं बी टोचलं. येल मांडवाला लागला अन् म्हैना संपला. दोन म्हैन्यानं जाते तवर कुणीतरी तोडून खाल्ल्यालं, न्हायतर येल वाळल्याला. दरवर्साला टोचते. माझ्या हातानं तोडून एक भोपळा म्या खाल्ला न्हाय. मला एका जागी ऱ्हायाचं हाय. कळंबात. हे माझं सांगून झालं."

 आता हेडला उत्तर द्यायचं होतं आणि नियम दुसरा तर सगळ्यांना पाठ होता. सर उठून उभे राहिले, वर्गात राहायचे तसे.

"आई म्हणते, की तिला सारखा प्रवास झेपत नाही."

"चूक," आक्का म्हणाल्या. या नियमाशी त्यांची ही पहिलीच गाठ, पण लगेच उमगला त्यांना.

"आई म्हणते, की... तिला एका जागी राहायचं आहे."

"अर्धं."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. कॉलेजची भाषा गळून पडली आणि कोऱ्हाळ्याची आली. "आई म्हनती, तिला एका जागी ऱ्हायाचं हाय. अन् ती जागा माझी न्हाय."

"बरोबर," आक्का म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता.

मला तिथून उठून आत जावंसं वाटलं, खरं सांगते. सरांनी विचारलं, "का गं?" आयुष्यात हजारदा विचारलेला शब्द, पण असा कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या घरात मी पाव्हणी हाय रं. भाकरी थापाय घेतली की आई तू बस. भांडं उचललं की आई तू बस. बसून बसून मानूस मरतंय. तितं धाकटी भांडती माझ्यासंगं. शेळीवरनं, मिठावरनं. मी बी सोडत न्हाय. रातच्याला दोघी तोंड फुगवून जेवतो अन् सकाळी एकीच्या हातचा चा दुसरी पिती. तुझ्याकडं भांडायला कोन हाय? पुस्तकं?"

"मी भांडलो असतो की."

"तू न्हाय भांडत बाबा. तू समजून घेतोस. म्हातारपणी त्याचा लय ताप हुतो."

कुणाला हसावं का रडावं कळेना. सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बरं. माझी पाळी मी सोडली."

पाण्याच्या पाळीवरून आमच्या भागात सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली आहेत. पाळी सोडली, हे शब्द कुणाच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पिकअप आला. धाकट्याला काही पत्ता नाही, तो आपला मोटर कुठंय विचारत उतरला. सरांनी त्याला थोडक्यात सांगितलं. तो बिचारा गांगरून म्हणाला, "माझं काय न्हाय दादा, येऊ द्या की." सर म्हणाले, "तुझं नंतर. आधी घरी फोन लाव. राबणार ती आहे, ती तुझ्याहून टेलला." त्यानं फोन लावून स्पीकर केला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्याबाई कायमच्या यायच्या तर या म्हनावं. पर ती शेळी परड्यात बांधायची न्हाय."

"का न्हाय बांधायची?" आक्का पिंपाजवळून ओरडल्या, ताडताड आल्या आणि फोन हिसकावून घेतला. पिकअपमध्ये चढेपर्यंत त्यांचं भांडण चालू होतं. गाठोडं सरांनी वर ठेवलं. गाडी गेली, धूळ खाली बसली तरी ते रस्त्यातच उभे होते. संध्याकाळी त्यांनी कोऱ्हाळ्याला फोन केला. मधला पुष्कळ भडकला म्हणे, पण आईपुढं कुणाचं काय चालतंय.

पुढच्या रविवारी सर आले ते चुरगळलेल्या शर्टात. काउंटरकडं न येता पिंपाकडं गेले आणि आक्का बसल्या होत्या तिथं बसले. तात्या म्हणाले, "सर, तिकडं कुठं?"

"आज माझं आधी," सर म्हणाले. "मला घरात करमत नाही."

एवढंच बोलले. पुढं युक्तिवाद नाही, उदाहरण नाही. आणि ज्या बाकड्यावर कुणालाच कधी सुटका मिळाली नव्हती, तिथं कुणी "का" विचारलं नाही. तात्यांनी आपल्या डब्यातली भाकरी अर्धी करून त्यांच्यापुढं धरली. तेव्हापासून सर कायम टेललाच बसायला लागले. महिन्यातून एकदा लुना घेऊन कळंबला जायचे आणि आक्का त्यांना दुसऱ्या दिवशी हाकलून द्यायच्या, "जा, तुझी माणसं वाट बघत असतील." आता दोघंही नाहीत. आधी आक्का गेल्या, मग सर. बाकड्याला हेड आणि टेल मात्र अजून आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या दिवाळीआधीचं. धाकटा बाजाराला माल घेऊन आला, तो दुकानावर थांबला. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं सरांच्या मांडीवर ठेवलं. सरांनी उलगडलं. कोवळा, लांबसडक दुधी भोपळा, देठाला अजून चीक.

"आईनं दिलाय. सोताच्या हातानं तोडला," धाकटा म्हणाला. "अन् सांगितलंय, का म्हनून इचारू नको म्हनावं. खा."

सरांनी तो भोपळा पुन्हा टॉवेलात गुंडाळला. निघताना माझ्याकडं आले आणि हळू आवाजात विचारलं, "ह्याची भाजी कशी करतात गं?" मी सांगितलं. चण्याची डाळ भिजत घाला, जिरं-लसणाची फोडणी, पाणी घालू नका, अंगच्या पाण्यात शिजते. त्यांनी कॅलेंडरच्या पानावर सगळं लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी लुना स्टँडला लागायच्या आतच तात्यांनी हाळी दिली, "काय सर, बरा हुता का भोपळा?"

अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मी अब्बांकडं. सगळं बाकडं सावरून बसलं. आता चष्मा निघणार, पुसला जाणार आणि तात्यांची दुपार जाणार.

सर म्हणाले, "बरा होता."

आणि पिंपाकडं जाऊन बसले.